आसन क्रमांक दोन

"सगळे बसले का?"

गाडी हलवायच्या आधी मामा हे विचारणार म्हणजे विचारणार. नुसतं तोंडाने नाही. मान जराशी वर करून समोरच्या आरशात मागचं सगळं पाहून घेणार. आता गाडी दोनच माणसांची. मागे होती ती एक पिशवी मावेल एवढी फळी. तरी तिच्याकडे नीट पाहायचं, मग हात गिअरवर ठेवायचा आणि थांबायचं. कशासाठी थांबलेत हे नव्या माणसाला कळायचं नाही. मामा घंटेसाठी थांबलेले असायचे.

तुमचं मानवतला जाणं-येणं असेल तर ती लाल गाडी तुम्हीही पाहिली असेल. लांब नाक, बूड जमिनीला टेकलेलं, टप नाही, आणि दोन दिवे दोन वेगवेगळ्या मोटारसायकलींचे, त्यामुळे समोरून येताना डोळा मारत आल्यासारखी दिसायची. दारावर पांढऱ्या रंगात '१' आणि '२' असे आसन क्रमांक घातलेले. दोनच्या खाली 'महिलांसाठी राखीव'.

मामांनी, म्हणजे सगळ्या गल्लीच्याच मामांनी, बत्तीस वर्षं एसटी चालवली. कंडक्टरने दोरी दोनदा ओढली की निघायचं, एकदा ओढली की थांबायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की स्वतःच्या गाडीतही त्यांनी दोरी आणि पितळी घंटा बसवून घेतली होती. दोरी डाव्या बाजूला, दोन नंबरच्या आसनावर. शेजारी कुणी नसलं तर रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायचे, "दोनदा वढ की रे बाबा." मी एकदा विचारलं, "मामा, तुमचीच गाडी, तुम्हीच निघा ना."

"असं नसतं मास्तर. डायवरला फुडचं दिसतं. मागं कुणाचा पाय पायरीवर हाय, त्याला काय कळावं? मागचं ज्याला दिसतं, त्यानं सांगायचं. मग निघायचं."

आणि शेवटचा थांबा आला की पुन्हा आरशात पाहून, "सगळे उतरले का?" एखादं लेकरू मागच्या बाकावर झोपून राहिलेलं असतं, म्हणायचे.

मास्तर म्हणजे मी. एसटीतले ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतात आणि मामा कामातल्या सगळ्याच जोडीदारांना तसं म्हणत. पण सातवीत शाळा सुटलेल्या बाईला कुणी मास्तर म्हणतं तेव्हा तिला काय वाटतं, ते मी कसं सांगू?

माझं गाव इथून फार लांब, समुद्राच्या काठी. आठवीची शाळा खाडीच्या पलीकडे होती. होडी भरती-ओहोटी बघून सुटायची. माझी शाळा अलीकडच्या काठावरच राहिली. मग वडिलांजवळ बसून फाटलेली जाळी जोडायला शिकले. नवरा आमच्याकडे हायवेच्या कामावर आला होता. लग्न झालं आणि मी मानवतला आले. तो अजूनही रस्त्यांच्या कामावरच असतो, आज या जिल्ह्यात तर उद्या त्या. मी मशीन घेतली आणि सीटा शिवायचं दुकान काढलं. रिक्षाच्या, मोटारसायकलच्या, ट्रॅक्टरच्या.

स्वभाव काळजीचा. गावाकडून फोन आला की मी तो उचलायच्या आधी खाली बसून घेते. रेक्झिन कापायच्या आधी सात वेळा मोजते, कापल्यावर आठव्यांदा.

दुकान उघडून महिना झाला तरी काम नव्हतं. लोक यायचे, आत डोकावायचे. "मिस्त्री कुठंय?"

"मीच."

"बरं बरं, मग येतो," म्हणून जायचे ते गेलेच.

असंच एका दुपारी सायकलच्या कॅरिअरला सीटचा गंजका सांगाडा बांधून एक उंच म्हातारा दारात उभा राहिला. मिस्त्री कुठंय असं त्याने विचारलं नाही. आत नजर फिरवली, मशीनवर मला पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, जागा हाय का?"

जागाच जागा होती. दुकानात दुसरं होतं काय?

गाडी कुठून आली ते तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. कुण्या हौशी शेठने कधीकाळी आणलेली ती विलायती गाडी एका बंद जिनिंगच्या शेडात गाठींच्या मागे वर्षानुवर्षं पडून होती. शेवटी ती भंगारात गेली. मामा भंगारवाल्याकडे स्टोव्हची पितळी टाकी शोधायला गेले होते. त्याने गॅसचं कटर पेटवलं आणि मामा ओरडले, "आरं थांब! सगळे उतरले का बघ की आधी!" वाकून पाहिलं तर स्टिअरिंगच्या खाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. झालं. कोंबडी उठेपर्यंत गाडी कापायची नाही असं ठरलं, आणि कोंबडी उठेपर्यंत मामांनी गाडी भंगाराच्या भावात घेऊन टाकली. कोंबडीसकट.

पुढची दोन वर्षं त्यांनी ती कशाकशाने उभी केली! इंजिन जाम झालेलं; त्याच्यात रॉकेल ओतून रोज सकाळी चहाआधी हँडल मारायचे. "आज न्हाई म्हणाली," असं येऊन मामींना सांगायचे. सत्ताविसाव्या दिवशी "हूं म्हणाली" म्हणून पेढे वाटले. पेट्रोलची टाकी शेतातल्या ऑइल इंजिनची, वायपर रिक्षाचा, रेडिएटर कुठल्याशा जीपचा. कार्बोरेटर नातवाच्या दातांच्या जुन्या ब्रशने घासला. पेन्शनीत घर चालवून जे उरेल त्यात हे सगळं, त्यामुळे घाई नव्हती. रंग मात्र एका दमात ठरला. एसटीचा लाल. दुसरा कुठला असतो?

पण सांगाडा घेऊन ते माझ्याकडे आले ते हौसेपोटी नाही. त्या दिवशी स्टुलावर बसून त्यांनी मला सांगितलं.

"मामीचं माहेर ताडकळस. बत्तीस वर्षांत तिला किती डाव माहेरी नेलं असंल! माझ्याच गाडीत. मी केबिनच्या जाळीच्या फुडं, ती जाळीच्या मागं. ताडकळस आलं की ती उतरायची, मी गाडी घेऊन पूर्णेला जायचो. एका थांब्यावर दोघं मिळून कधी उतरलोच न्हाई, मास्तर. मेव्हणा अजून म्हणतो, दाजी येतेत म्हंजे नुसती धूळ येते, माणूस न्हाई."

"आता बसने जा की दोघं."

"तिला बसच्या पायऱ्या चढवंनात. गुडघे गेले. अन् मी पाशिंजर म्हणून बसलो की माझा पाय ब्रेक शोधतो. लोक हसतेत."

तर ही गाडी मामींसाठी होती. दोघांनी मिळून ताडकळसच्या थांब्यावर उतरायचं, एवढ्यासाठी. आणि मामी तर तिच्यात पाय ठेवायला तयार नव्हत्या.

चूक मामांचीच. इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात त्यांनी सांगाड्यावर कापसाचं पोतं टाकून मामींना बसवलं होतं. बसल्या त्या बसल्याच. गाडी इतकी खाली की गुडघे हनुवटीला लागले. उठता येईना. शेवटी चौघांनी काखेत हात घालून त्यांना बाहेर काढलं, आणि सगळी गल्ली हसली. मामी स्वतः हसल्या नाहीत.

मी माप घ्यायला घरी गेले तेव्हा मामी भाकरी थापत होत्या. उंच ओट्यावर, उभ्यानं. "माप घे पोरी, चहा बी घे," त्या म्हणाल्या. "पर मी काय त्या डब्यात बसायची न्हाई. बस वर, ही खाली. माझ्या गुडघ्याच्या मापाची गाडी अजून कुणी काढली न्हाई."

मामा दारातून म्हणाले, "मास्तर काढायली की."

पहिलंच काम, आणि ते असं. गल्लीत सगळ्यांना माहीत. हे फसलं तर कोण मला रिक्षाची सीट तरी देईल? पण मला जास्त लागलं ते वेगळं. हे फसलं तर मामांचं ताडकळस राहणार होतं, आणि मामींच्या गुडघ्यांना काही माझ्यासाठी थांबायचं नव्हतं.

चार दिवस मी काही ना काही निमित्ताने त्यांच्या घरी गेले आणि मामी कुठून सहज उठतात ते पाहत बसले. बाजेवरून नाही. खुर्चीवरून हात टेकून. मागच्या दारी धुण्याचा एक दगड होता, त्याच्यावरून मात्र पटकन उठत, जणू दुसऱ्याच कुणाचे गुडघे. मी तो दगड मोजला. दोन विती आणि चार बोटं. सात वेळा मोजला.

उंची सापडली, पण पाय आत कसे घ्यायचे? गाडीचा दरवाजा अगदीच अरुंद. तो पेच सोडवला मामींनीच, आणि तोही वैतागून. मी आणि मामा त्यांच्या अंगणात सांगाडा पुढे-मागे सरकवत होतो, त्या भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या.

"किती दिवस हे लाकडं-लोखंडं चालायचं हाय? असं करा, मला जात्यावर बसवा अन् फिरवा. म्हंजे सुटाल."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं.

"काय झालं? मी काय वंगाळ बोलले का?" मामी म्हणाल्या.

ट्रॅक्टरच्या चाकाची जुनी बेअरिंग, तिच्या खाली एक जाड पत्रा, वर एक. मधे खुंटा. हुबेहूब जातं. माणसाने बाहेर तोंड करून सीटवर बसायचं, शेजारच्याने हळूच फिरवायचं, पाय आपोआप आत. मग खीळ टाकायची म्हणजे सीट हलत नाही. सांगाड्याला मूळच्या रबरी पट्ट्या होत्या त्या पार कुजल्या होत्या. तसल्या पट्ट्या कुठे शोधत बसणार? मी बाजेची नवार आणली आणि जाळ्याला घालतात तशी गाठ देत ताणून विणली. त्यावर फोम, त्यावर लाल रेक्झिन. शिवून झाल्यावर रात्रभर नाही नाही ते मनात येत राहिलं.

एक गोष्ट खरोखरच चुकली होती. टप. काळ्या ताडपत्रीचा देखणा टप मी आधीच शिवून ठेवला होता. सात वेळा मोजून. फक्त सातही वेळा गाडीत माणूस न बसवता. आता सीट उंच झाली होती. टप ओढला की मामींचा अंबाडा त्याला लागून वर उंचवटा यायचा, तंबूत खांब उभा केल्यासारखा. मला रडू फुटायचं बाकी होतं. मामा पोट धरून हसले.

"टप कशाला पाहिजे? पाऊस आला तर थांब्यावर थांबू. सरकारनं जागोजागी शेड कशाला बांधलेत?"

निघायचा दिवस उजाडला. मामींनी हिरवं लुगडं नेसलं होतं, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. गल्ली जमलेली. एक-दोघांनी मागच्या वेळची आठवण काढलीच.

"मामी, उचलायला थांबू का जाऊ?"

"थांब, तुलाच उचलून ठेवते गटारीत," मामी म्हणाल्या आणि सीटवर टेकल्या. दोन विती, चार बोटं. मामांनी सीट फिरवली. बेअरिंग गोड आवाज करत फिरली, लुगडं सावरत दोन्ही पाय आत गेले, खीळ खटकन बसली. मी ती एकदा ओढून पाहिली.

मामा वळसा घालून आपल्या जागी बसले. इंजिन सुरू केलं. आरशात पाहिलं. "सगळे बसले का?"

"बसले," मामी म्हणाल्या. "चला की."

मामा हलेनात. हात गिअरवर.

"आता काय झालं? बंद पडली का?"

"मामी, दोरी! दोरी!" सगळी गल्ली ओरडली.

मामींनी गडबडीने दोरी ओढली. टण्. एकदाच. मामांनी इंजिन बंद केलं.

"अवो, बंद का केली?"

"एक बेल दिली तू. एक म्हंजे थांबा."

"बत्तीस वर्षं मी मागं बसत होते, मला म्हाईत न्हाई व्हय?" असं म्हणून त्यांनी अशा दोन घंटा दिल्या की कोपऱ्यावरची कुत्री पळाली. गाडी निघाली. पुढच्या काचेत मामांनी रंगवलेली पाटी: मानवत – ताडकळस, मार्गे परभणी.

ताडकळसला काय झालं ते मला मामींनी इतक्या वेळा सांगितलंय की आता मीच तिथे होते असं वाटतं. वाटेत मामा एकेका थांब्यावर थांबले. न थांबतील तर ते मामा कसले! एका फाट्यावर एक आजोबा पिशवी घेऊन आले आणि "पूर्णेला जायची का?" म्हणून चढायला लागले. मामींनी दारावरची पाटी दाखवली, "राखीव हाय." उंच सीटमुळे त्यांचं डोकं काचेच्या वर, सगळा वारा तोंडावर. "डोळ्यातून पाणी यायलंय म्हणून हे घाबरले," मामी सांगायच्या, "आन् मी हसायले."

ताडकळसला बाजाराचा दिवस होता. भाऊ थांब्यावर येऊन उभा. मामींनी एक घंटा दिली. गाडी थांबली. मामांनी हात लांब करून खीळ काढली, सीट फिरली आणि मामी धुण्याच्या दगडावरून उठाव्यात तशा उठून उभ्या राहिल्या. भावाने बहिणीची पिशवी घेतली. दोघं चार पावलं चालले. मागे पावलांचा आवाज नाही म्हणून मामींनी वळून पाहिलं.

मामा गाडीतच. हात गिअरवर, नजर समोर. पूर्णेला जायच्या दोन घंटांची वाट बघत.

मामी परत गेल्या. दारावर हात ठेवला. "अवो," म्हणाल्या, "उतरा की. तुमचं बी गाव आलं."

हे सांगताना त्या दर वेळी इथे थांबतात आणि पदराने चष्मा पुसतात. मग म्हणतात, "लय अवघडले होते गं. नव्या नवरदेवावानी उतरले."

त्यानंतर माझ्याकडे कामं आली. "मामींची सीट केली ती बाई कुठंय?" असं विचारत येत. फिरती सीट आणखी तिघांना करून दिली. एक तर ताडकळसच्या मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला. त्याला काही गरज नव्हती, पण बहिणीला आहे ना!

आणि मामी? ज्या बसायलाच तयार नव्हत्या, त्या आता उतरायला तयार होईनात. देवगाव फाट्याला चहा प्यायला जायचं, तेही गाडीने. एके दिवशी माझ्या दुकानात दोघं आले. मामींनी विचारलं, "पोरी, तुझं गाव किती लांब हाय?"

मी सांगितलं. घाट सांगितला. मला जाऊन चार वर्षं झालीत, दुकान बंद ठेवायचा धीर होत नाही, हेही तोंडातून गेलं.

"तू काय येऊ नको," मामी म्हणाल्या. "जागा बी न्हाई. आमी जाऊन तुझी माय बघून येतो."

मी किती घाबरले! ब्रेक, घाट, टायर, मामांचं वय, गाडीचं वय, सगळं बोलून दाखवलं. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, चाळीसच्या वर ती जात न्हाई. अन् घाट मी गिअरवर उतरतो, ब्रेकवर न्हाई. तू फकस्त बेल दे."

उरलेल्या लाल रेक्झिनची मी आईसाठी एक उशी शिवली. मशीनने नाही, हाताने. बाबा शिकवायचे तशा टाक्यांनी. निघायच्या सकाळी ती मागच्या फळीवर नीट बांधून ठेवली. काचेत नवी पाटी होती. गावाचं नाव मामांच्या जिभेवर बसत नव्हतं म्हणून त्यांनी रंगवलं होतं: मानवत – समुद्र, मार्गे विचारत विचारत.

मी गाडीच्या मागे उभी होते. मामांनी आरशात पाहिलं. आरशात मी. "सगळे बसले का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बसले."

मामींनी दोरी दोनदा ओढली.

जाऊन अकरा दिवस झाले. चार दिवसांत येतो म्हणाले होते. त्यांच्या अंगणात गाडीच्या जागी तेलाचा एक डाग आहे, आणि तिथे ती कोंबडी, किंवा तिची लेक, माती उकरत फिरते. रस्त्यावर लाल काही दिसलं की गल्लीतले लोक मान वर करतात. ती खरी एसटीच असते.

सहाव्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. मी आधी खाली बसले. मग उचलला.

"गो बाय," आई मोठ्याने बोलत होती; मागे समुद्राचा आवाज येत होता, बायका हसत होत्या. "हंय एक तांबडी मोटार इली हा! म्हातारी उतारली, सीटच फिरली गो तिची. पण म्हातारो काय उतरना नाय. आरशात बघता आणि इचारता, सगळे उतरले काय म्हणून. मागे कोण आसा गो? एक तांबडी उशी तेवढी दिसता."

चार वर्षं नुसती फोनवर उरलेली माझी बोली तोंडात आली.

"आये," मी म्हटलं, "तिका आधी उतरवन घे."